कॅस्टर आणि पॉलक्स: देऊळ दोघांचं, नाव एकाचंच

तळटीप | सोमवार, रात्री ९.१०

रोमन फोरमचा कुठलाही फोटो काढून बघा, ते तीन खांब दिसतातच. वर तुळईचा एक तुकडा कसाबसा पेललेले. कॅस्टर आणि पॉलक्स या जुळ्या देवांच्या देवळाचे हे अवशेष. पंधराव्या शतकातही तीनच उरले होते, आणि शेजारच्या रस्त्याला त्यावरूनच 'तीन खांबांचा रस्ता' म्हणत.

देऊळ दोघांचं असूनही रोमन लोक सर्रास म्हणायचे 'एडीस कास्तोरिस', कॅस्टरचं देऊळ. त्या काळीसुद्धा हे लोकांच्या लक्षात आलं होतं. इ.स.पू. ६५ मध्ये ज्युलियस सीझर आणि बिब्युलस एकाच वेळी ईडाइल होते, म्हणजे शहरातले बाजार, इमारती आणि खेळ बघणारे अधिकारी. खर्च दोघांचा, वाहवा सीझरची. तेव्हा बिब्युलस म्हणाला, माझं पॉलक्ससारखं झालंय. देऊळ दोघा भावांचं आणि म्हणतात कॅस्टरचं.

आता खरी मेख. रूढ कथेत दोघांपैकी अमर आहे तो पॉलक्स. झ्यूसचा मुलगा तो. कॅस्टर स्पार्टाचा राजा टिंडेरियस याचा मुलगा, म्हणून मर्त्य. मग देव असलेल्याचं नाव गाळून माणसाचं नाव देवळाला का?

ओळख थोडक्यात: ग्रीक नावं कास्तोर आणि पोलिड्यूकीस. आई लीडा, बहिणी हेलन आणि क्लायटेम्नेस्ट्रा. कॅस्टर घोड्यांत वाकबगार, पॉलक्स मुष्टियुद्धात. दोघांना मिळून डायोस्कुरी म्हणतात, अर्थ 'झ्यूसचे पोरगे'. म्हणजे नावातच दोघेही झ्यूसचे, आणि गोंधळ तिथूनच सुरू.

नाणी, आकाश, विधी, काहीही चालेल. फक्त 'हे मुळात आपलंच' एवढ्यावर प्रतिसाद संपवू नका, कारण द्या.

अर्धविराम | सोमवार, रात्री १०.०२

धागा आवडला. पण 'एक मर्त्य, एक अमर' हे तुम्ही लिहिलंय तेवढं सरळ नाही.

'इलियड'च्या तिसऱ्या सर्गात हेलन ट्रॉयच्या तटावरून ग्रीक सैन्य न्याहाळते आणि आपले दोन भाऊ का दिसत नाहीत म्हणून विचारात पडते. कवी सांगतो, त्यांना तर लॅकेडेमनच्या, म्हणजे स्पार्टाच्या, मातीने केव्हाच पोटात घेतलं आहे. तिथे दोघेही मेलेले, अमरत्वाचा उल्लेखच नाही. 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात दोघेही टिंडेरियसचे, पण झ्यूसच्या कृपेने एक दिवस जिवंत आणि एक दिवस मृत. हेसिओडच्या नावावर असलेल्या वंशावळीत दोघेही झ्यूसचे. 'किप्रिया' या हरवलेल्या महाकाव्याच्या उरलेल्या ओळींत कॅस्टर मर्त्य, पॉलक्स अमर, अशी वाटणी दिसते. बाप वेगवेगळे असल्याची व्यवस्थित मांडणी ग्रीक कवी पिंडारकडे आणि नंतर अपोलोडोरसच्या संग्रहात मिळते: एकाच रात्री झ्यूस आणि टिंडेरियस, त्यातून पॉलक्स आणि हेलन झ्यूसची, कॅस्टर आणि क्लायटेम्नेस्ट्रा राजाची.

त्यामुळे 'खरी कथा कोणती' असं विचारण्यापेक्षा 'कोणाची कथा' असं विचारावं. अंड्याचंही तेच. हंस, लीडा, एक अंडं की दोन, आणि कोणत्या अंड्यात कोण, याचे इतके पाठ आहेत की नुसत्या चित्रावरून ग्रंथ ओळखायला गेलात तर फसाल. ग्रीक प्रवासी पॉसेनियस दुसऱ्या शतकात स्पार्टात गेला तेव्हा तिथल्या एका देवळात छताला फितींनी टांगलेलं अंडं त्याला दाखवलं गेलं. लीडाचं तेच हे, असं तिथले लोक सांगत.

लामणदिवा | सोमवार, रात्री ११.२५

अर्धविराम यांना +१. मरणाची गोष्ट मात्र नीट यायला हवी, कारण ती नेटवर फार कापून सांगतात.

समोर दुसरी जुळ्यांसारखीच जोडी आहे: मेसिनियाचे इडास आणि लिन्सियस, डायोस्कुरींचे चुलतभाऊ. इडास दांडगा. लिन्सियसची नजर अशी की जमिनीखालचंही दिसावं. चौघांनी मिळून गुरं पळवली. वाटणी इडासने ठरवली. एका बैलाचे चार वाटे केले: जो आपला वाटा आधी संपवेल त्याला अर्धी लूट, जो दुसरा संपवेल त्याला उरलेली. मग त्याने स्वतःचा वाटा गिळला, भावाचाही गिळला आणि सगळी गुरं मेसिनियाला हाकलली. डायोस्कुरी ती परत आणायला गेले आणि वाटेत दबा धरून बसले. लिन्सियसने टायगेटस डोंगरावरून बघितलं तर ओकच्या पोकळ बुंध्यात लपलेले दिसले. इडासने भाला मारून कॅस्टरला पाडलं. पॉलक्स मागे लागला, तेव्हा दोघा भावांनी आपल्या बापाच्या थडग्याचा दगड उपटून त्याच्या छातीवर फेकला. तो हलला नाही. त्याने लिन्सियसला मारलं, झ्यूसने विजेने इडासला.

गुरांच्या वाटणीचा भाग अपोलोडोरसकडचा, बाकीचं पिंडारच्या दहाव्या नेमियन स्तोत्रातलं. पुढे झ्यूस पॉलक्सला म्हणतो, एकटा ऑलिंपसवर चल, नाहीतर भावाशी सगळं अर्धं अर्धं वाटून घे. पॉलक्स क्षणभरही थांबत नाही. आणि झ्यूस कॅस्टरचे आधी डोळे उघडतो, मग वाचा. हा क्रम मला फार सुंदर वाटतो.

लोक चुकतात ते इथे. 'एक भाऊ वर असताना दुसरा खाली, म्हणून दोघांची भेटच होत नाही' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पिंडारचं वाक्य तसं नाही. त्याच्याकडे दोघे मिळून एक दिवस झ्यूसपाशी आणि दोघे मिळून एक दिवस थेराप्नेच्या भूमीखाली राहतात. थेराप्ने स्पार्टाजवळच आहे. आळीपाळीचा, म्हणजे एकाने दुसऱ्याचं मरण फेडण्याचा अर्थ नंतर लॅटिन कवितेत ठळक होतो आणि तोच पुढे रूढ झाला. भाऊ कायमचे दुरावले असतील तर अर्धं अमरत्व देऊन पॉलक्सने मिळवलं काय?

ओसरी | मंगळवार, सकाळी ७.४०

पण आकाशात तसंच आहे ना? मिथुन राशीतल्या कॅस्टर आणि पॉलक्स या ताऱ्यांपैकी एक उगवतो तेव्हा दुसरा मावळतो, त्यावरून ही गोष्ट आली असं वाचलं आहे.

रोहिणीशकट | मंगळवार, सकाळी ८.५५

नाही हो ओसरी. हे विधान कागदावरच पडतं. दोन ताऱ्यांत अंतर जेमतेम साडेचार अंश. हात लांब करून धरलेल्या तीन बोटांएवढं. एक उगवताना दुसरा मावळायचा तर ते आकाशाच्या दोन टोकांना हवेत.

मुंबईच्या अक्षांशावर, १९ अंशांना, गणित असं येतं: कॅस्टर आधी उगवतो, पॉलक्स त्याच्यामागून साधारण १८ मिनिटांनी. मावळतात जवळपास एकत्र, कॅस्टर तीन-चार मिनिटं आधी. स्पार्टाच्या ३७ अंशांवर मात्र मावळण्याचा क्रम उलटतो. कॅस्टर जास्त उत्तरेला असल्याने तिथे तो अधिक वेळ वर राहतो आणि पॉलक्स सुमारे सात मिनिटं आधी बुडतो. उगवताना कॅस्टर पुढे, मावळताना पॉलक्स पुढे. यात कोणाला गोष्ट दिसली तर दिसो, पण 'एक वर एक खाली' नक्कीच नाही.

ओळखायचे कसे: फेब्रुवारीअखेर रात्री नऊ-साडेनऊला डोक्यावर बघा. मुंबईहून पॉलक्स खस्वस्तिकाच्या (बरोबर डोक्यावरच्या बिंदूच्या) ९ अंश उत्तरेला, कॅस्टर १३ अंश. मान दुखते, चटईवर आडवं व्हावं. मृगातल्या राजन्यापासून काक्षीकडे रेघ काढून तशीच पुढे नेली की जोडीपाशी पोचता. प्रश्वाच्या बाजूचा तो पॉलक्स, ब्रह्महृदयाच्या बाजूचा कॅस्टर. प्रश्वा-पॉलक्स दोन्ही 'प'. ब्रह्महृदयाचं पाश्चात्त्य नाव कॅपेला, म्हणून कॅपेला-कॅस्टर दोन्ही 'कॅ'. एवढं लक्षात ठेवलं की उलटसुलट होत नाही. रंगही बघा. पॉलक्स नारिंगी राक्षसी तारा आहे, ३४ प्रकाशवर्षांवर, प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा तेजस्वी) १.१४. कॅस्टर पांढरा, ५१ प्रकाशवर्षांवर, प्रत १.५८.

कॅस्टर डोळ्यांना एक दिसतो, पण त्यात सहा तारे आहेत, तीन जोड्यांत. मुख्य दोन जोड्या एकमेकींभोवती सुमारे ४६० वर्षांत फिरतात. तारे एकमेकांभोवती खरोखर फिरतात हे विल्यम हर्शेलने १८०३ साली दाखवलं त्यात कॅस्टर महत्त्वाचा होता. सध्या मुख्य जोड्यांतलं अंतर पाच कोनीय सेकंदांच्या आसपास असल्याने ६० ते ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून १०० पट वर्धनाला ते सुटे दिसतात. दिसले नाहीत तर दुर्बिणीला दोष देण्याआधी ती अर्धा तास गच्चीवर थंड होऊ द्या. नळीतली गरम हवा हलत असते, प्रतिमा उकळल्यासारखी दिसते आणि दोन ठिपक्यांचा एक गोळा होतो. तारा पत्र्याच्या छपरावरून दिसत असेल तरी तेच होतं.

आणि तळटीप, तुमचा अन्याय आकाशातही चालू आहे. बायरने १६०३ मध्ये ताऱ्यांना ग्रीक अक्षरं दिली तेव्हा पहिलं अक्षर, आल्फा, कॅस्टरला मिळालं. तेजस्वी पॉलक्स, तरी त्याला बीटा.

नाणेघाट | मंगळवार, दुपारी १.१५

नाण्यांवर दोघेही बरोबरीने आहेत, एवढाच पॉलक्सला दिलासा.

रोमन डिनॅरियस सुमारे इ.स.पू. २११ मध्ये सुरू झाला. पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, डोक्यामागे दहाचा रोमन अंक, म्हणजे किंमत १० अ‍ॅस (रोमची हलकी नाणी). मागे डायोस्कुरी भाले आडवे धरून उजवीकडे दौडत आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर एक तारा, खाली 'रोमा'. अर्धं नाणं क्विनेरियस (पाचचा अंक) आणि पाव नाणं सेस्टर्शियस (अडीच) यांवरही हेच चित्र. सुरुवातीचा डिनॅरियस एका रोमन पौंडात ७२, म्हणजे साधारण ४.५ ग्रॅम. नंतर ८४, म्हणजे ३.९ च्या आसपास.

ओळखायच्या खुणा या क्रमाने बघाव्यात. आधी टोपी: अर्ध्या अंड्यासारखी गोल, तिला पिलोस म्हणतात. मग तारे. मग घोडे आणि भाले. नाणं झिजलं की सगळ्यात आधी तारे जातात, कारण ते काठाजवळ आणि लहान. उरतात घोड्यांचे पाय. मग बरेच जण हे नाणं दोन घोड्यांच्या रथाचं समजतात. रथ असेल तर मागे चाक दिसतं आणि हाकणारी उभी असते. डायोस्कुरी असतील तर घोड्याच्या पोटाजवळ स्वाराचा पाय लोंबताना दिसतो. कोणता कॅस्टर आणि कोणता पॉलक्स हे नाण्यावरून ठरवता येत नाही, सांगणारा थापा मारतोय.

खोट्यांबद्दल. जुन्या काळातच तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून डिनॅरियस पाडले जात. काठ आणि उंच भाग (गाल, घोड्याचा खांदा) भिंगातून बघा, तिथे पत्रा फाटून लालसर किंवा हिरवट दिसतं. नुसतं वजन पुरेसं नाही. पाण्यात तोलून बघा: ३.९ ग्रॅमचं चांगल्या चांदीचं नाणं पाण्यात सुमारे ०.३७ ग्रॅम हलकं होतं, तेवढंच तांबं ०.४४. फरक इतका बारीक की काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा, आणि नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा चुकतो. थेंबभर भांड्यांचा साबण पाण्यात घातला की बुडबुडे सुटतात. नाणं दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका.

आता आपल्या बाजूचं. बॅक्ट्रियाचा (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या बाजूचा) ग्रीक राजा युक्रेटिडीस (इ.स.पू. १७१ ते १४५ च्या सुमारास) याने हे दोघे घोडेस्वार आपल्या नाण्यांवर आणले, हातात भाल्यांबरोबर ताडाच्या झावळ्या. त्याचं २० स्टेटरचं सोन्याचं नाणं पॅरिसला आहे: १६९.२ ग्रॅम, व्यास ५८ मिलिमीटर, प्राचीन काळातलं सर्वात मोठं सोन्याचं नाणं. चांदीच्या बारक्या ओबोलवर नुसत्या दोन टोप्या आणि दोन झावळ्या. माणसं काढून टाकली तरी लोकांना कळत होतं. चौकोनी तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत 'महरजस एवुक्रतिदस'. हे भाऊ प्राकृत मजकुराच्या शेजारी असे येऊन बसले.

पुढे तक्षशिलेचा राजा अँटियाल्किडस. त्याच्या तांब्याच्या नाण्यांवरही पुढे झ्यूस, मागे दोन टोप्या आणि झावळ्या. ज्याच्या दूताने, हेलिओडोरसने, विदिशेजवळ बेसनगरला वासुदेवाचा गरुडध्वज उभारला तोच हा अँटियाल्किडस. खांबावर राजाचं नाव कोरलेलं आहे.

आणि एक: शंभर वर्षांहून जुनी नाणी भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. परदेशी लिलावातून ऑनलाइन देवाणघेवाण करण्याआधी तो वाचा.

ओसरी | मंगळवार, दुपारी ३.३०

जबरदस्त प्रतिसाद, वाचनखूण साठवली. मग विचारतोच. हे आपले अश्विनीकुमारच ना? जुळे, घोडे, आकाशाची मुलं. कारण दिलं बरं का, तळटीप!

उपधा | मंगळवार, सायंकाळी ६.२०

कारण निम्मं दिलंत. उरलेलं असं.

ऋग्वेदात अश्विनांना 'दिवो नपाता' म्हटलंय, द्यौचे वंशज. डायोस्कुरी म्हणजे झ्यूसचे पोरगे. द्यौ आणि झ्यूस हे एकाच मूळ शब्दापासूनचे. नपात् आणि कूरोस हे मात्र वेगळे शब्द आहेत, म्हणजे वाक्प्रयोगाचा साचा जुळतो, सगळे शब्द नाहीत. लात्वियन लोकगीतांतही 'देवाचे मुलगे' घोड्यांवरून सूर्यकन्येला मागणी घालायला येतात. असा साचा तीन टोकांना सापडतो तेव्हा अभ्यासक एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं म्हणत नाहीत. तिघांच्याही आधीच्या भाषिक वारशातलं म्हणतात. शिवाय कॅस्टर, पोलिड्यूकीस ही नावं अश्विन, नासत्य यांच्याशी ध्वनींनी जुळत नाहीत. उसनवारी असती तर एखादं नाव तरी घासून आलं असतं. नासत्य हे नाव किती जुनं याचा पुरावा वेगळाच आहे: इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या हित्ती-मितान्नी तहात साक्षीदार देवांमध्ये ते येतं.

धाग्याच्या मूळ प्रश्नाशी भिडणारी ऋचा १.१८१.४. 'जिष्णुर्वामन्यः सुमखस्य सूरिर्दिवो अन्यः सुभगः पुत्र ऊहे'. तुमच्यापैकी एक सुमखाचा विजयी पुत्र, दुसरा द्यौचा भाग्यवान पुत्र. म्हणजे वेगवेगळे बाप इथेही! एरवी सूक्तांत दोघांना इतकं एकजीव ठेवतात की एकवचन शोधावं लागतं. आणि अश्विनांचंही देवपण अपुरं. त्यांना सोमपानाचा हक्क नव्हता, तो च्यवनाने मिळवून दिला. माणसांत फार वावरतात, वैद्यकी करतात, ही तक्रार.

भुज्यूला समुद्रातून शंभर वल्ह्यांच्या नावेने वाचवणं (१.११६) आणि डायोस्कुरींनी खलाशांना वाचवणं हे साम्यही घ्या. फरकही तेवढाच ठळक. अश्विन वैद्य आहेत, विश्पलेला धातूचा पाय बसवतात. डायोस्कुरी औषधाला फारसे हात लावत नाहीत. उलट मुष्टियुद्ध अश्विनांना माहीत नाही.

जाता जाता दोन चुका. अश्विनी नक्षत्र मेष राशीत आहे, मिथुनेत नाही. कॅस्टर-पॉलक्स आपल्याकडे पुनर्वसू, योगतारा (नक्षत्राचा मुख्य तारा) पॉलक्स, देवता अदिती. नाव मात्र जुन्या भाषेत द्विवचनी, 'पुनर्वसू', वेदात ते एकवचनी येऊ शकतं हे सांगायला पाणिनीला वेगळं सूत्र लिहावं लागलं (१.२.६१). दुसरी: आपली मिथुन रास म्हणजे दोन भाऊ नव्हेत. फलज्योतिषाच्या ग्रंथांत ते गदाधारी पुरुष आणि वीणाधारी स्त्री असं जोडपं आहे.

लामणदिवा | मंगळवार, रात्री ८.०५

उपधा, नकुल-सहदेव राहिले. विराटाकडे नकुल घोडे सांभाळतो, सहदेव गुरं. जुळ्यांत कामाची अशी वाटणी आहे, फक्त तिथे बाप तेच दोघे अश्विन.

वरवंटा | बुधवार, सकाळी १०.४५

पूजा कशी होत होती ते कोणी लिहिलं नाही. थेओक्सेनिया नावाचा विधी असे, देवांना जेवायला बोलावणं. मांस भाजून धूर वर पाठवायचा नाही. घरात मंच मांडायचा, गादी अंथरायची, मेज लावायचं आणि दोघांनी येऊन टेकावं म्हणून दार उघडं ठेवायचं. अथेन्सच्या प्रितेनियनमध्ये, म्हणजे नगराच्या सरकारी सभागृहात, डायोस्कुरींसाठी मांडलेल्या जेवणाची यादी एका जुन्या विनोदी नाटकाच्या उताऱ्यातून टिकली आहे: चीज, जवाच्या पिठाचा लाटा, पिकून गळायला आलेले ऑलिव्ह, आणि लीक, म्हणजे कांद्याच्या पातीची थोराड बहीण. बस्स. मेजवानी नव्हे, गावाकडचं साधं ताट.

स्पार्टात त्यांची मूर्ती म्हणजे दोन उभी समांतर लाकडं आणि त्यांना जोडणारी दोन आडवी. नाव दोकाना. प्लूटार्क म्हणतो, अविभक्त भावांचं हे चिन्ह. स्पार्टाला राजेही दोन होते आणि दोघे मोहिमेवर गेले की या दोन देवांनाही बरोबर घेत. इ.स.पू. ५०६ च्या सुमारास एल्युसिसच्या मोहिमेत दोन्ही राजे भांडले, तेव्हा यापुढे एकच राजा जाईल असा नियम झाला आणि देवांपैकीही एकाने मागे राहायचं ठरलं. हेरोडोटस सांगतो हे.

देव उसनेही मिळत. दक्षिण इटलीतल्या लोक्री शहराने युद्धासाठी स्पार्टाकडे मदत मागितली. स्पार्टा म्हणाला, सैनिक नाहीत, डायोस्कुरी घेऊन जा. लोक्रीच्या दूतांनी जहाजावर त्यांच्यासाठी मंच मांडला आणि रिकामा मंच घेऊन घरी गेले. साग्रा नदीवर जिंकलेसुद्धा.

भक्तांची हीच सवय शत्रूला कळली की घात होतो. मेसिनियाचे दोन तरुण पांढरे अंगरखे, लाल झूल, टोप्या आणि भाले घेऊन स्पार्टाच्या छावणीत घुसले. तिथे डायोस्कुरींचाच सण चालला होता. लोक दंडवत घालत असताना त्यांनी कापाकापी केली.

तळटीप | बुधवार, दुपारी १२.१५

वरवंटा, सुरेख. आता मूळ प्रश्नाचं माझं उत्तर टाकतो, पटतं का बघा.

रोमला पॉलक्स माहीत नव्हता असं म्हणता येत नाही. रोमच्या दक्षिणेला लाविनियममध्ये १९५८ साली एक कांस्यपट्टी सापडली, सहाव्या शतकाच्या अखेरची, त्यावर दोघांचीही नावं आहेत: 'कास्तोरेइ पोदलोउकेइक्वे कुरोइस'. शेवटचा शब्द ग्रीक कूरोइ तसाच उचललेला. एट्रुस्कन भाषेत ही नावं कास्तुर, पुल्तुके अशी होती. पट्टीवरची रूपं ग्रीकच्या जास्त जवळची.

मग रेगिलस सरोवराची लढाई, इ.स.पू. ४९९ किंवा ४९६. हुकूमशहा औलस पोस्टुमियसने ऐन लढाईत देवळाचा नवस केला. रोमन इतिहासकार लिव्ही नवस सांगतो, तोही फक्त कॅस्टरला. दोन गोरेगोमटे तरुण लढले आणि संध्याकाळी फोरममध्ये जुतुर्नाच्या झऱ्यावर घोड्यांना पाणी पाजताना दिसले, ही गोष्ट त्याच्याकडे नाही, इतरांकडे आहे. देऊळ इ.स.पू. ४८४ मध्ये पोस्टुमियसच्या मुलाने अर्पण केलं.

ती लढाई घोडदळाने फिरवली होती. पुढे दरवर्षी १५ जुलैला रोमचे घोडेस्वार ऑलिव्हच्या मुकुटात याच देवळावरून मिरवत, कधी कधी पाच हजारांपर्यंत. हा घोडेस्वारांचा देव आहे. घोड्यांचा भाऊ कोण? कॅस्टर. मुष्टियुद्ध रोमन सरदारांच्या प्रतिष्ठेचं काम नव्हतं. म्हणून नाव कॅस्टरचं. देवपण किती यावर नाव ठरलं नाही, कामावर ठरलं.

पाथरवट | बुधवार, सायंकाळी ५.३०

पटण्यासारखं. देवळाबद्दल थोडी भर, कारण आज दिसतात ते खांब पोस्टुमियसचे नाहीत. इ.स.पू. ११७ मध्ये मेटेलसने पुन्हा बांधलं. आगीनंतर टायबेरियसने पुन्हा, अर्पण इ.स. ६ मध्ये, स्वतःच्या आणि मेलेल्या भावाच्या, ड्रुससच्या नावाने. (भावांचं देऊळ, भावाचं नाव, हिशेब बरोबर.) दर्शनी ८ खांब, बाजूंना ११, जोतं सुमारे ७ मीटर उंच.

जोतं भरीव नव्हतं. खांबांच्या पायांमधल्या पोकळ्यांत लहान गाळे होते. त्यांतल्या एकाच्या गटारात उत्खननात ८६ दात सापडले, बहुतेक किडलेले आणि उपटलेले. देवाच्या पायाशी दातांचा दवाखाना. वजनंही इथे तपासली जात. 'कॅस्टरपाशी तपासलेलं' असं कोरलेली वजनं मिळाली आहेत.

आणि याच देवळावरचा गाजलेला घोटाळा. इ.स.पू. ७४ मध्ये व्हेरेस शहराचा प्रेटर, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकारी, होता. देखभालीचा ठेका ज्याच्याकडे होता तो मेला, वारस अज्ञान मुलगा. व्हेरेस देऊळ बघायला गेला, सगळं ठाकठीक. कोणीतरी कानात सांगितलं, खांब ओळंब्याला लावून बघा. कोणताही खांब ओळंब्यात तंतोतंत बसत नाही, कारण तो वर निमुळता होत जातो. झालं, ५,६०,००० सेस्टर्शियसचा नवा ठेका, वसुली त्या पोराच्या मालमत्तेतून. काम काय केलं? सिसेरो सांगतो, काही खांबांना नुसता पांढरा हात दिला, काही उतरवून त्याच दगडांनी पुन्हा चढवले. सरकारी कामाचं मोजमाप करणाऱ्यांनी हे भाषण वाचावंच.

ओसरी | बुधवार, रात्री ९.००

खलाशांचं काय? वादळात दिसणारी ज्योत ती हीच का?

रोहिणीशकट | बुधवार, रात्री ९.४०

हीच. डोलकाठीच्या टोकावर निळसर ठिणगी दिसते. ढगांमुळे विद्युतक्षेत्र तीव्र झालं की टोकदार वस्तूभोवतीची हवा आयनीभूत होते, तो प्रकाश. दोन ज्योती दिसल्या तर डायोस्कुरी, जहाज वाचणार. एकच दिसली तर ती हेलन, अपशकुन. प्लिनीने ही विभागणी दिली आहे. स्पार्टाचा सेनापती लायसँडर याच्या जहाजाच्या दोन्ही बाजूंना हे दोन तारे दिसले अशी कथा होती, इ.स.पू. ४०५ च्या विजयानंतर त्याने डेल्फीला सोन्याचे दोन तारे वाहिले. स्पार्टाच्या ल्यूक्ट्रातल्या पराभवाआधी ते गळून पडले म्हणतात. 'प्रेषितांची कृत्ये' २८:११ मध्ये पौल माल्टाहून ज्या जहाजाने निघतो त्याचं चिन्हही हेच दोघे.

नाणेघाट | बुधवार, रात्री १०.३०

मूर्तींबद्दल एक इशारा: शेजारी शेजारी उभे दोन नग्न तरुण दिसले की लगेच कॅस्टर-पॉलक्स लिहू नका. माद्रिदच्या प्रादोमधल्या सान इल्देफोन्सो जोडीला ते नाव चिकटलंय, पण टोपी नाही, तारा नाही, घोडा नाही. उलट रोमच्या क्विरिनाल टेकडीवरचे घोडे आवरणारे दोन महाकाय पुतळे, तिथे घोडे तरी आहेत. त्यांच्या जोत्यांवर 'फिडियसची कृती', 'प्राक्सिटेलिसची कृती' असं कोरलंय ते उत्तरकालीन आहे, त्यावरून काळ ठरवू नका.

अर्धविराम | बुधवार, रात्री ११.१०

तळटीप, पॉलक्सची बाजू एका ठिकाणी भक्कम आहे. बोलण्यात. लॅटिन विनोदी नाटकांत पात्रं ऊठसूट शपथा घालतात. 'एकास्तोर', म्हणजे कॅस्टरची शपथ, फक्त बायका घालत. पुरुषांची 'हेर्क्ले', हर्क्युलिसची. आणि 'एडेपोल', पॉलक्सची शपथ, बायका आणि पुरुष दोघेही. दुसऱ्या शतकातल्या गेलियसने हा नियम नोंदवून ठेवला आहे. प्लॉटसचं कुठलंही नाटक उघडा, पानागणिक पॉलक्स सापडेल.